शेपा-ओव्याची धुरी

काल आमच्या वटार गावात शेजारच्या घरातून शेपा-ओव्याच्या धुरीचा वास आला. बाळंतीण घरी आली असणार. मी हातातला मोगरा सुपात टाकला आणि खिडकी लावून घेतली.

माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा पाय सुजलेले होते, बीपी चढलेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ताच सिझर करू. थांबणं धोक्याचं आहे." सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्या नॉर्मलच झाल्यात. संध्याकाळपर्यंत बघू की." नवरा म्हणाला, "आई म्हणते तसं करू." पलंगावर मी होते, मला कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळी मुलगी झाली, नॉर्मल. ती रडली नाही, एकदाही.

तेव्हा सासूबाईंचा फार राग यायचा. आता त्या नाहीत. रागवायलाही कुणी उरलं नाही, नुसता हा वास उरलाय.

आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो, तरी त्यांनी बाजेखाली निखारे ठेवले, वर शेपा-ओवा टाकला. "अंग तरी शेकून घे गं," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. धूर वर आला, तसा मी पदर ओढून मांडीवर धरला. बाळाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून.