एस्तेरबाईंची पाटी

एस्तेरबाई साळवे यांची नि माझी ओळख झाली ती भांडणाने, जामखेडच्या टेलिफोन कचेरीत; त्या तिथे ऑपरेटर. विहिरींचे सुरुंग उडवता उडवता माझे कान गेले होते. दुष्काळाच्या आदल्या वर्षी कोपरगावहून माझ्या नावाचा ट्रंककॉल आला. लेकीचे तान्हे मूल गेले होते, आणि चार दिवस ती अन्नाला शिवली नव्हती. जावयांनी कारखान्याच्या कचेरीतून फोन जोडून तिच्या हाती दिला होता.

मला ऐकू येत नाही, तुम्हीच तिच्याशी बोला, असे मी बाईंना काकुळतीने म्हणालो. कॉलची पाळी मांडायची पाटी त्यांनी पुसली आणि ठळक अक्षरांत लिहिले, "कान गेलेत, तोंड नाही. बाप तुम्ही आहात." मला राग आला. पण बाई लेकीचे बोलणे पाटीवर उतरवू लागल्या, आणि त्यातला एक शब्दही त्यांनी गोड केला नाही.

"मला न्हाई जगायचं आता."

मी चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर लावून वाचतो. तेवढे मी दोनदा वाचले.

तोच तपासणीचे साहेब बाईंच्या मागे येऊन उभे राहिले. ऑपरेटरने कुणाचे खासगी बोलणे ऐकू नये, असा नियम होता. मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसले. बाईंचा खडू थांबला नाही. पुढचे शिपायाने नंतर सांगितले. कॉल तोडा, नाहीतर पेन्शनला मुकाल, असे साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, "तोवर मेमो लिहून घ्या, साहेब. माझा हात गुंतलाय."

मी फोन तोंडाजवळ धरून बोललो, "मी निघालोय, पोरी. आल्यावर तुज्या हातचा च्या लागंल मला."

बाईंनी पाटी पुसली. मग खडू हलला. "गुळाचा करू का साखरंचा?"

मेमोच्या उत्तरात बाईंनी लिहून दिले की ऐकले, आणि गरज पडली तर पुन्हा ऐकेन. पाटी त्यांनी माझ्यासारख्यांसाठी खिडकीतच टांगली. दुष्काळी कामावर तेलुगू बोलणारे मजूर आले, तेव्हा त्यांच्यातली मराठी येणारी एक आजी बाईंनी दुभाषी म्हणून शेजारी स्टुलावर बसवली. त्यावरही मेमो आला. आजी उठली नाही.

बाईंच्या सत्काराच्या अंकात हे छापल्याने त्यांची पेन्शन अडेल, या धास्तीने मी तीनदा हा मजकूर खोडला. अखेर त्यांनाच विचारले. "छापा," त्या म्हणाल्या, "आणि साहेबांना एक प्रत पाठवा."

कानाला टेलिफोनचे यंत्र लावून लावून बाईंचाही डावा कान मंदावला आहे. त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. पुढची तितकीच त्यांना धडधाकट मिळोत. सत्काराला माझी लेक कोपरगावहून येते आहे. ती बाईंच्या डाव्या हाताला पाटी घेऊन बसेल. वक्त्यांनी घाई करू नये. तिला सगळे लिहायचे आहे.