पाव्हण्यांचं पिस्तूल

पलूसकडचे माझे व्याही हे अख्ख्या सांगली जिल्ह्यातले सर्वांत धोकादायक निःशस्त्र गृहस्थ आहेत. बावीस वर्षं ते एका पिस्तुलापायी सरकारशी कोर्टात भांडले, आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून साधी घूससुद्धा मेली नाही. विहीणबाई म्हणतात, "आवं अक्का, उंदराचं औषिद घरात आनू देत न्हाईत. त्येला बी लेकरंबाळं असत्यात म्हनं. आन् ह्यास्नी पिस्तूल पायजे!"

पिस्तूल मिळत नाही अशी तक्रार नव्हती, हे आधी सांगते. परवाना होता. पण कायदा असा, की दुकानदारानं तुमच्याआमच्यासारख्याला बत्तीस बोअरचंच विकायचं. नऊ एमएमचं फौजेचं, त्याला बंदी. आणि व्याही पडले रिटायर सुभेदार, कंबरेला नऊ एमएम लावून नोकरी केलेले. सांगलीच्या दुकानात बत्तीस बोअरचं पुढं आलं, तेव्हा त्यांनी ते मेलेल्या पालीसारखं चिमटीत धरलं. "ह्ये कावळं हाकलायचं हाय. माझं दाखवा." दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमचं विकलं तर मी आत जाईन." तिथून उठले ते थेट वकिलाकडे.

"पाव्हणं, मारायचं कुणाला आहे पण?" मी एकदा विचारलंच.

"कुनालाच न्हाई, ताई. पर सव्वीस वर्सं सरकारनं ज्येच्या हातावर इस्वास ठिवला, त्यो पेन्शन घेतली की येडा हुतो व्हय?"

त्यांची माझी पहिली गाठ लेकीच्या सुपारीत पडली. मी पंचेचाळिशीची, आणि साताऱ्यात आपल्याइतकी हुशार बाई नाही अशी माझी ठाम समजूत. चांगल्या बारा अटी पाठ करून बसले होते. पाव्हणं आले ते कंबरेला चामड्याचं होल्स्टर लावून! टम्म फुगलेलं. झालं. लग्न पलूसला? चालेल. मानपान? तुम्ही म्हणाल तसं. बाराच्या बारा अटी मी घशातल्या घशात गिळल्या. मग यादी वाचायची वेळ आली, तसं पाव्हण्यांनी होल्स्टरचं बटण काढलं, आणि आतून चष्मा काढून नाकावर चढवला! येणाऱ्या पिस्तुलासाठी म्हणून ते आगाऊ शिवून घेतलं होतं. पण तोवर सुपारी फुटली होती.

केसच्या फाइलीशिवाय ते कुठं गेले नाहीत. नातीच्या बारशाला बाया पाळण्याशी खोळंबल्या होत्या, आणि हे आत्याबाईंना समानतेचा हक्क समजावत होते. तारखा मुंबईला पडायच्या तेव्हा रात्रीची एसटी. कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच आल्यापासून तर ते माहेरी निघाल्यासारखे निघत. कोर्टात सावधान उभे राहायचे. वकील कोट ओढून म्हणायचा, "बसा." हे म्हणायचे, "जजसायबांनी विश्राम म्हटलं न्हाई अजून."

आणि यंदा निकाल लागला. सरकारनं अर्जाचा नव्यानं विचार करावा! दुसऱ्याच दिवशी पाव्हणं कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात. "माझं अक्षार वंगाळ हाय. फारम तुमी भरा, म्या सही करतो."

मी भरला. सही करताना पेन चौकटीबाहेर गेलं. दुसरा फॉर्म काढला, पेन पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हातानं उजवा हात दाबून धरला. तरी तो हलतच होता. मग हळूच टेबलाखाली नेला.

"साताऱ्यात थंडी लय."

एप्रिल होता. मी उठून पंखा बंद केला.

पुढचा रकाना डॉक्टरच्या दाखल्याचा होता. तो त्यांनी स्वतःच वाचला. बराच वेळ वाचला.

"ताई, आमच्या पलटणीत असला हात असता, तर म्या सोता त्येला पिस्तूल दिलं नसतं."

फॉर्म घडी घालून फाइलीत गेला. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला, आवाज अगदी परेडचा. "ऐकलं का? सरकारनं पुन्यांदा खोडा घातलाय. केस चालूच ऱ्हानार!"

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन. "अक्का, खरंच खोडा घातला का वं?"

"सरकारच ते," मी म्हणाले. खोटं बोलायला मी कधी अडखळत नाही, पण त्या दिवशी अडखळले.

त्या म्हणाल्या, "त्येंची दाढी साल झालं मीच करती. मला दिसत न्हाई व्हय हात? असू द्या. कोल्हापूरला जायचं म्हटलं की मानूस कसं ताठ हुतंय. पुढली तारीख कवाची म्हनायची, तेवढं सांगा. म्या भाकरी बांधून देती."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी गेले, आणि पुढचा गुरुवार सांगितला.