मंगलबाईंची मिशरीची डबी

हिर्डोशीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मंगलबाई गावच्या व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्ष झाल्या, त्या बिनविरोध. बैठकीला आलेल्या प्रत्येक पुरुषाच्या खिशात काही ना काही होतं. मंगलबाईंकडचं कमरेला होतं, पत्र्याच्या डबीत. पण त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली की मिशरी होते, आणि मिशरीने दात घासतात. मंगलबाई सकाळी घासत, जेवून घासत, दुपारी चुलीपुढे घासत, झोपताना घासत. या हिशेबाने इतके स्वच्छ दात तालुक्यात दुसऱ्या कुणाचे असायला नको होते.

अध्यक्ष या नात्याने त्यांनी शाळेत पोस्टर लावलं. त्यावरच्या व्यसनी माणसाला मिशा होत्या. मुलींनी ते अगदी शांतपणे वाचलं, आपला काही संबंधच नाही म्हणून.

त्यांची लेक प्रेरणा आठवीत होती आणि कबड्डीत चढाईला तिच्यासारखी दुसरी नव्हती. भोरच्या सामन्यांतून जिल्ह्याच्या संघाची निवड व्हायची होती. मैदान स्वयंपाकखोलीच्या मागे, त्यामुळे मंगलबाईंना लेकीचा खेळ दिसत नसे, ऐकू येई. 'कबड्डी कबड्डी'चा दम लांबलचक चाले. दिवाळीनंतर तो अर्ध्यात तुटू लागला. कुणी न धरताच पोरगी बाद! एकदा तर मध्यरेषेवर डोकं धरून बसली.

"मंगलताई, सकाळी जेवून येते ना ती?" खेळाच्या अश्विनी मॅडमनी विचारलं.

"भाकरी नगं म्हणती. वयच हाय तसलं."

त्याच सुमाराला डबीही लवकर रिकामी होऊ लागली. मंगलबाईंनी साहजिकच नवऱ्याला धरलं.

"मी बायकांची मिशरी लावीन व्हय?" तो खरोखर दुखावला, आणि पुरावा म्हणून त्याने स्वतःची तंबाखूची पुडी दाखवली.

चोर सापडला शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे. बोट काळं, हातात डबीतली मिशरी, कागदात बांधलेली.

"काय करतीस गं, प्रेरणे?"

"दात घासतीया."

"भर दुपारी?"

"तूबी घासतीस की."

अध्यक्षांनी हात उगारला.

"मार की! पयल्यांदा तूच लावलीस. दाढ दुखत व्हती तवा."

खरं होतं. पावसात डॉक्टरकडे न्यायला एसटी आली नव्हती, पोर रडत होती, आणि चिमूटभर मिशरीने दाढ गप्प झाली होती. दाढ बरी झाली; मिशरी राहिली. मग मैत्रिणी म्हणाल्या, आम्हालाही दे.

"आमी चौघी लावतो. भूक लागत न्हाई, गणिताला झोप येत न्हाई. आन् न्हाई लावली तर डोकं दुखतं."

हे कळल्यावर अश्विनी मॅडम मायलेकींना भोरला डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

"भाजली म्हणून तंबाखू बदलत नाही," डॉक्टर म्हणाले. "छाती धडधडते, भूक मरते, चक्कर येते. उपाशी पोटी दम कुठून टिकणार? या वयात सवय लवकर लागते आणि सुटता सुटत नाही. पुढे हिरड्या जातात, तोंडाचा कॅन्सरही होतो." मग ते मंगलबाईंकडे वळले. "तुम्ही तोंड उघडा बघू."

परतीच्या एसटीत प्रेरणा म्हणाली, "तू सोड, मग मी सोडते."

मंगलबाईंनी डबी खिडकीबाहेर टाकली. पुढच्या थांब्यापर्यंत त्यांना पश्चात्ताप झाला होता.

त्यानंतर व्यसनमुक्तीचे परिणाम सबंध शाळेने भोगले. एके दिवशी खिचडीत मीठ दोनदा पडलं, दुसऱ्या दिवशी पडलंच नाही. हेडमास्तरांना "खायची तर खा" असं ऐकावं लागलं. घरी मायलेकी एकमेकींच्या बोटांवर पाळत ठेवत आणि तल्लफ आली की भाजलेले शेंगदाणे चघळत. नवऱ्यालाही पुडी ओसरीवरून गोठ्यात न्यावी लागली. प्रेरणा मात्र भाकरी मागू लागली.

भोरच्या सामन्याला मंगलबाई पहिल्यांदाच मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. प्रेरणा चढाईला गेली. दम सुरू झाला, लांबला. मंगलबाईंची मूठ पदरात आवळलेली. समोरच्या किकवी संघाच्या कोपऱ्यातल्या पोरीने पाय धरला, तरी दम चालूच. आणखी दोघी अंगावर आल्या, आणि ती धुळीत आडवी पडली तरी 'कबड्डी कबड्डी' ऐकू येत होतं. पंचाने शिट्टी मारली. प्रेरणा बाद.

"शाबास गं माझी बाय!" मंगलबाई ओरडल्या.

शेजारचे गृहस्थ चमकले. "अहो, बाद झाली तुमची मुलगी."

"व्हय की!" मंगलबाई डोळे पुसत म्हणाल्या. "धरावं लागलं तिला."