मामांच्या दाताखालची वीज

आमच्या आळंदच्या मामांच्या दाताखालून न गेलेली वस्तू उभ्या तालुक्यात सापडणार नाही. मामा बाजारात तूर पारखतात. पोत्यात हात घालायचा, एक दाणा दाताखाली धरायचा. कट्कन तुटला तर माल वाळलेला, नुसता दबला तर ओला. हे तिथे सगळेच करतात. पण बाकीचे लोक संध्याकाळी तोंड मिटून घरी जातात, मामांना ते कधी जमलं नाही. नवी चप्पल, साबणाची वडी, शेजाऱ्याने आणलेली प्लास्टिकची खुर्ची, सगळं त्यांनी चावून पाहिलेलं आहे. माझ्या बहिणीच्या सोयरिकीत मुलाकडच्यांनी आणलेली अंगठी त्यांनी सर्वांदेखत चावली. मांडवात कुणाला श्वास घेता येईना. मामा शांतपणे म्हणाले, "व्हय, खरी हाय. घ्या, च्या घ्या." मला पदवीला पदक मिळालं तेव्हा तेही चावलं आणि जाहीर केलं, "पदक पितळंचं हाय, पण पोरगं चोख हाय." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अकरावीच्या प्रवेशासाठी मला कलबुर्गीला घेऊन गेले ते मामाच. फॉर्मवर सही करण्याआधी त्यांनी पेनाचं टोपण चावलं होतं, पण ते काय, सगळेच चावतात.

आता मी एका प्रयोगशाळेत काम करतो. मक्यापासून निघणाऱ्या एका आम्लाचं आम्ही पातळ प्लास्टिक बनवतो. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके असतात ना, त्याच जातीचं. ते एका ठरावीक पद्धतीने ताणलं, की त्याच्यावर दाब पडताच त्यात अगदी किंचित वीज तयार होते. मोडलेल्या हाडाजवळ अशी पट्टी ठेवावी, माणूस चालेल तसा तिच्यावर दाब पडावा, त्या विजेने हाडाला जुळायला मदत व्हावी आणि काम संपलं की पट्टीने शरीरातच विरघळून जावं, असं ते स्वप्न आहे. आमच्याकडे ते अजून उंदरांपर्यंतच पोचलं आहे. पण गावाने माझा सत्कार केला तेव्हा गळ्यात हार, समोर आई आणि पहिल्या रांगेत मामा. मी माइकवर बोलून गेलो, "लवकरच ही पट्टी माणसांच्या पायात बसेल."

त्यानंतर वर्षभराने मामा पोत्यांच्या थप्पीवरून पडले आणि नडगी मोडली. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी स्टीलची पट्टी बसवली. मी फोन करायचो तेव्हा मामा म्हणायचे, "बरा हाय." एक दिवस मामींनी फोन हिसकावून घेतला. "कशाचे बरे? हाड जुळंना झालंय, अप्पा. डॉक्टर म्हणतेत, पुन्हा उघडून कमरंचं हाड काढून भरावं लागतंय, उशीर केला तर पाय कामातून जाईल. आन ह्ये म्हणतेत, भाचा पट्टी आणायलाय, मी थांबतो. चार महिने झाले थांबून!"

एक पाय चार महिने माझ्या एका शब्दावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी आळंदला पोचलो. समजावून सांगायला बरं म्हणून प्रयोगशाळेतला एक टाकाऊ तुकडा आणि लॅपटॉपला जोडून पडद्यावर विजेची रेघ दाखवणारं छोटं यंत्र बरोबर घेतलं होतं. मामा खाटेवर पाय पसरून बसलेले. तुकड्याला तारा जोडून, आता बोटाने दाबून दाखवावं म्हणून मी लॅपटॉपकडे वळलो, तेवढ्यात पडद्यावरची रेघ ताडकन वर उडाली. मागे पाहतो तर तारांसकट पट्टी मामांच्या तोंडात!

"मामा, थुंका! थुंका ते!"

"गप रे." त्यांनी पुन्हा चावा घेतला. रेघ पुन्हा उडाली. दाढा दाबून दाबून त्यांनी पडद्यावर डोंगरच्या डोंगर उभे केले. मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "आहो, करंट लागंल!"

"काय न्हाई लागत," मामा पट्टी काढून म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "हाय की रे वीज! माल पक्का हाय. मग कामून थांबायलास? घाल की उद्याच."

मी खाली बघून सगळं सांगितलं. अजून उंदरांवरच चाललं आहे. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. त्या दिवशी माइकवर मी उगाच बोललो. तुम्ही ऑपरेशन करून घ्या.

मामा बराच वेळ पट्टी बोटांत फिरवत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी त्यांनी विचारलं, "उंदरांची हाडं जुळायलेत का?"

"काहींची जुळली, मामा."

"मग झालं तर," म्हणाले आणि मामींना सांगितलं, "पिशवी भर. कलबुर्गीला जाऊ."

ऑपरेशनच्या सकाळी मी वॉर्डात एक्स-रेचं पाकीट घेऊन उभा होतो. शेजारच्या खाटेवर करजगीचे एक म्हातारे शेतकरी होते. मामांनी रात्रीच त्यांना माझी सगळी कीर्ती सांगून ठेवली होती. म्हातारबांनी मला न्याहाळलं आणि मामांना विचारलं, "काय ओ अण्णा, भाच्यानं एवढी विजेची पट्टी केलीय म्हणता, मग तुमाला कामून घातली न्हाई?"

माझी मान खाली गेली. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, पण मामा आधीच बोलले.

"त्यो द्यायलाच आलता की," ते म्हणाले. "मीच न्हाई म्हटलं. माझं वय झालं आता. आधी लहान पोरांना घाल म्हटलं, त्यांना लई चालायचंय."

म्हातारबा मान हलवत राहिले. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त जाताना माझ्या हातावर हात ठेवला आणि जरासा दाबला.