पांढरा लाइट आणि तिसरा हात

फवारणीचं औषध मी कधी झाकणाने अंदाजे ओतत नाही, माप घेऊनच ओततो. गावात कुणाला चिंचेखाली काही दिसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला - किती लांबून दिसलं आणि उजेड किती होता? त्यामुळे लोकांनी मला असल्या गोष्टी सांगणंच सोडून दिलं आहे. अशा माणसाने असल्या अनुभवांच्या या सदरात लिहायला बसावं हे माझं मलाच पटत नाही. पण गेल्या थंडीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही... आणि तिचं माप काही केल्या लागत नाही.

आमचं गाव चिखली तालुक्यात, उंद्रीपासून सहा किलोमीटर आत. टमाटे, मिरची, वांगी असा आमचा भाजीपाला. माझा धाकटा भाऊ विलास माल पिकअपने बाजारात नेतो. माझी बायको सुनीता हिचं उंद्रीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दोन्ही मुली शिकायला बाहेर गेल्या, त्यानंतर तिने ते स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. त्यासाठी पंचेचाळिशीत स्कूटी शिकली. थंडीत दुकानाचं शटर ओढेपर्यंत अंधार पडलेला असतो.

घरात वाद सुरू झाला तो पिकअपच्या लाइटवरून. विलासच्या गाडीला एकदा रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय, आमच्याकडे त्यांचे कळप फिरतात. गाडीचं तोंड चेपलं, विलासच्या कपाळाला टाके पडले. टाके निघाल्याबरोबर तो खामगावहून पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसवून आला. रस्त्यावर असा उजेड पडायचा की लांबच्या तुरीच्या शेंगा मोजून घ्याव्या.

मी म्हटलं, "विलास, समोरून येणाऱ्याले काही दिसत नाई यानं."

"अन् मले दिसलं नाई तं? रोही काय हॉर्न वाजवत येते का, दादा?"

"डिपर तं देशील?"

"देतो ना बापा. पाहून घ्या तुम्ही."

मी पाहून घेतलंच. घराच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी केली, दिव्याच्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारली. जुना बल्ब लावून डिपर दिला तर उजेड रेघेच्या खाली राहायचा, वरची भिंत काळीच. नव्या बल्बचा डिपर दिला तरी पत्र्यापर्यंत सगळी भिंत पांढरी. दिव्याचं घर जुन्या बल्बच्या मापाने बनवलेलं. त्यात भलताच बल्ब बसवला की उजेड चहूकडे फाकतो. मी विलासला ते दाखवलं.

तो म्हणाला, "भिंतीनं काही तक्रार केली का?"

सुनीता ओट्यावर बसून हे पाहत होती. हसली. मग म्हणाली, "भाऊजी, त्या भिंतीच्या जागी रोज संध्याकाळी मी असतो. तुम्ही नसले तं तुमच्यासारखा दुसरा कोणी येते."

"तुमच्या स्कूटीलेबी बसवून देतो, वहिनी. फिट्टमफाट!"

वाद तिथेच राहिला. खरं सांगायचं तर विलासचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्याच्या कपाळावरची खूण रोज समोर दिसत होती.

गावाच्या अलीकडे रस्ता एकदम उजवीकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे उंद्रीहून येणाऱ्याच्या डाव्या हाताला, एक जुनी विहीर आहे. तिचा कठडा तेव्हा ढासळलेला होता. वळण चुकवून सरळ गेलं की आत. गावच्या माणसाला हे पाठ आहे, पण पाठ असून उपयोग तेव्हा, जेव्हा दिसतं.

डिसेंबरातली संध्याकाळ. सुनीता घरी आली, स्कूटी अंगणात लावली आणि ओट्यावर नुसती बसून राहिली. पाणी दिलं तर पेला तसाच बाजूला ठेवला.

"काय झालं? पडली का?"

"नाई पडली. वळणावर गाडी आली एक, पांढऱ्या लाइटची. आपली नाई, दुसरीच. सगळं पांढरं झालं बघा, काहीच दिसेना. अन् मंग... कोणंतरी माह्या डोळ्यावर हात धरला."

"म्हणजे डोळे झाकले?"

"झाकले नाई. उन्हात पाहताना आपण भुवईवर धरतो ना, तसा आडवा. त्याच्या खालून मले सगळं दिसलं. विहीर अशी पुढ्यात होती. मी ब्रेक दाबला."

आमच्या रस्त्यावर दुचाकीवाल्यांची ही सवयच झाली आहे. समोरून तसला लाइट आला की डावा हात उचलून डोळ्यांवर धरतात. मी म्हटलं, "तूच धरला असशील डावा हात. घाबरल्यावर ध्यानात राहत नाई."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या गिऱ्हाइकाचं माप चुकीचं सांगितलं असावं. "स्कूटीचा मागचा ब्रेक डाव्या हातात असते. दोन्ही ब्रेक दाबले म्हणून गाडी थांबली. डावा हात उचलला असता तं मी विहिरीत असती. थो हात गार होता. भाकरी थापून हात धुतल्यावर असते तसा."

सकाळी मी जाऊन पाहिलं. साइडपट्टीच्या मुरमात टायर घासल्याचा माग होता. तो संपला तिथून विहिरीचा काठ दोन वितींवर. जोरात ब्रेक लागल्याशिवाय तसा माग उठत नाही. म्हणजे हात ब्रेकवरच होते. मग तिसरा कोणाचा?

त्या दिवसापासून सुनीताने स्कूटीला हात लावला नाही. लग्नसराई तोंडावर, शिवायचे कपडे पडून, आणि दुकानाला कुलूप. मी एक-दोनदा नेऊन सोडलं, पण मळ्यात मिरचीची तोडणी चालू, संध्याकाळी घ्यायला जाणं जमेना. शेवटी ती म्हणाली, "दुकान देऊन टाकू. जागेच्या मालकाले सांगून या." एवढं एक वाक्य बोलून ती पीठ मळायला उठून गेली. त्या दुकानासाठी ती किती झटली ते मी पाहिलेलं.

मी विचार केला, सावली असेल. वळणाच्या आतल्या बाजूला कडुनिंब आहे, समोरून लाइट आला की एखाद्या फांदीची सावली बरोबर डोळ्यांवर पडत असेल. दिवसा पाहिलं तर एकही फांदी रस्त्यावर येत नव्हती. तरी म्हटलं, प्रत्यक्षच पाहू. सावली निघाली तर सुनीताची भीती जाईल.

विलासला सांगितलं - दिवस मावळल्यावर मी स्कूटीवर उंद्रीकडून येतो, तू गावाकडून ये. लाइट फुल. वळणावर भेटू, दोघंही सावकाश.

"दादा, हे काय फवाऱ्याचं नोझल हाय का तपासाले?" तो म्हणाला. पण आला.

मी वळणाशी पोचलो आणि समोरून तो उजेड आला. पुढचा रस्ता, तूर, आभाळ, सगळं एकदम गेलं. नुसतं पांढरं. मी दोन्ही ब्रेकवर हात घट्ट ठेवले, मुद्दाम बोटांनी चाचपून घेतले. आणि त्याच क्षणी भुवईवर सावली आली. सावली म्हणतो, कारण दुसरा शब्द नाही. तिला कड होती. त्या कडेखालून मला साइडपट्टी दिसली, गवत दिसलं, विहिरीचा काळा गोल दिसला. मी थांबलो. कपाळाला गार लागत होतं. थंडीचे दिवस होते, तेव्हा तेवढ्याला मी पुरावा म्हणत नाही.

समोर पिकअप थांबली आणि तिचे दिवे बंद झाले. विलास खाली उतरेना. मी स्कूटी स्टँडवर लावून चालत गेलो. त्याने काच वर करून घेतली होती. मी टकटक केलं तेव्हा काच चार बोटं खाली केली.

"दादा... त्या उतरल्या का?"

"कोण?"

"तुमच्या मागं बसल्या होत्या त्या. मले वाटलं, वहिनीले घेऊन आले तुम्ही. पण वहिनी एवढ्या उंच नाई."

"नीट सांग. काय पाह्यलं?"

"लाइटात सगळं साफ दिसलं, म्हणून तं सांगतो. मागून एक हात पुढं घेऊन तुमच्या डोळ्यावर धरला होता."

"अन् तोंड?"

"तोंड नाई दिसलं. दुसरा हात त्याईनं स्वतःच्या डोळ्यावर धरला होता."

विलासने गाडी वळवली आणि आम्ही घरी निघालो. पुढे माझी स्कूटी, मागे बारीक पार्किंग लाइटवर पिकअप.

दुसऱ्या दिवशी विलासने ते बल्ब काढले आणि जुने बसवले. मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. "रोही आला तं येऊ दे, हळू चालवीन," एवढंच म्हणाला. विहिरीच्या मालकाला गाठून आम्ही दोघांनी कठडा बांधून घेतला. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, त्या विहिरीत कधी कुणी गेलं होतं का? कुणालाच काही आठवत नाही. गोष्ट जुळवायला एखादी बाई सापडली असती तर मलाही बरं वाटलं असतं. सापडली नाही.

विलासने वहिनीची हकिकत आधी ऐकली होती, त्यामुळे त्याला तसा भास होऊ शकतो, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या हाताचं तिने सांगितलं नव्हतं. आणि मला माझ्या कपाळावर जे जाणवलं त्याचं काय करायचं, ते मला आजही कळत नाही.

विलासने सगळं सांगितलं तेव्हा सुनीता ऐकत राहिली. आम्हाला वाटलं, आता दुकान गेलंच. ती म्हणाली, "म्हणजे तिलेबी तरास होते त्या लाइटाचा." मग उठली आणि स्कूटीची चावी खुंटीवरून काढून पर्समध्ये टाकली. दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं, ते आजही चालू आहे.

मी मात्र संध्याकाळी घरात बसू शकत नाही. अंगणात येरझारा घालतो. ती येते, गाडी बंद करते, आणि स्टँडवर घेण्याआधी दोन्ही पाय टेकून क्षणभर तशीच थांबते... मागे बसलेल्याला उतरायला वेळ द्यावा तशी. का थांबतेस, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.