भरीव वाजणारी जागा

फरशीवाल्याचा कान मोठा तिखट. बसवलेल्या फरशीवर थापीची मूठ ठोकली की खाली कुठे सिमेंटचा माल कमी पडलाय ते त्याला लगेच कळे. पोकळ वाजली की उखडायची, भरीव वाजली की पुढे सरकायचं. तेवीस वर्षं त्याने हेच केलं, आणि या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा त्याला जरा माजही होता.

मुलगी सात वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या फुप्फुसांत चिकट कफ साचतो. आजार जन्माचा, बरा व्हायचा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाठ थोपटून कफ सुटा करायचा, नाहीतर दर तापात फुप्फुस थोडं थोडं निकामी होणार. बायकोचा हातच उठेना. "माझ्याच्यानं लेकराला मारवत नाही," म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन रडली. मग उरला हा.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पंजा खोलगट करून कसं थोपटायचं ते दाखवलं. मुलीला उशीवर पालथं घालून पठ्ठ्या इमानेइतबारे थोपटू लागला. तरी तिसऱ्या आठवड्यात मुलगी तापाने फणफणली. दवाखान्यात बाई म्हणाल्या, "करून दाखवा बघू."

त्याने दाखवलं.

"खाली उजवीकडे का नाही मारत?"

"तिथं भरीव वाजतंय ना, बाई. पोकळ आहे तिथंच काम करतोय मी."

"अहो, फुप्फुसात हवा असते. पोकळ वाजतं ते चांगलं. भरीव वाजतं तिथं कफ बसलाय."

त्याचं तोंड उतरलं. तीन आठवडे त्याने नेमकी तीच जागा सोडली होती. कोणी त्याला बोल लावला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

त्यानंतर चार वर्षांत त्याने एकही वेळ चुकवली नाही. मुलीला धूळ चालत नाही म्हणून तो कामावरच अंघोळ करी, कपडे बदलून घरी येई. फरशी मात्र पाणी न मारता कोरडीच कापी, धुळीच्या लोटात, नाकाला फडकं न बांधता. फडक्याने म्हणे जीव गुदमरतो! अर्धा तास थोपटल्यावर मुलगी खोके, वाटीत हिरवट गोळा पडे, आणि बापलेक त्या वाटीकडे घबाड सापडल्यासारखे बघत. "शाब्बास!" तो म्हणे. मग ती दोन जिने न थांबता चढे, आणि त्या दिवसापुरता त्याचा जीव भांड्यात पडे. दरवर्षी ती भरीव जागा बोटभर वर सरकत होती. छातीचा फोटो काढायच्या आधीच ते त्याला कळे. तो कोणाला सांगत नसे.

गेले दोन महिने तो स्वतःच खोकत होता. एका संध्याकाळी थोपटून झालं आणि त्याला अशी ढास लागली की तो भिंतीला धरून बसला.

"बाबा, पालथा पड," मुलगी म्हणाली.

"मला काय धाड भरलीये?"

"पड ना."

तो हसत पडला. तिने पंजा खोलगट केला, अगदी त्याच्यासारखा. पाठीवरून खाली येता येता तिचा हात एका जागी थांबला. तिने बाजूला मारून पाहिलं, पुन्हा तिथेच मारलं.

"इथं भरीव वाजतंय, बाबा."

त्यालाही ऐकू आलं होतं. तिने आपली वाटी त्याच्या तोंडाखाली धरली. "खोक. लाजायचं नाही." तो खोकला. वाटीत पडलं ते करडं होतं. या वेळी शाब्बास कोणीच म्हणालं नाही.

त्याला स्वतःची भीती वाटली नाही. आपल्यामागे हिची पाठ कोण थोपटणार, एवढंच त्याच्या मनात आलं. बायको दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"इकडे ये," तो म्हणाला. त्याने मुलीला पुन्हा उशीवर घेतलं, बायकोचा हात धरून बोटं वाकवली आणि तो खाली उजवीकडे नेऊन ठेवला. "मार."

तिने डोळे मिटून मारलं.

"आई," मुलगी उशीतून म्हणाली, "अजून जोरात."