तीन नंबरचं पत्र

आमच्या सर्जरी विभागाच्या टायपिस्टला आम्ही 'स्वल्पविराम' म्हणतो. तोंडावर नाही हो, पाठीमागे. सव्वीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर रजेचे अर्ज सांभाळते. माझ्याच एका अर्जात या माणसाने चार स्वल्पविराम घालून दिले होते. रजा मिळाली नाही ती नाहीच.

डॉक्टर झालेल्या पोरांना पुढे सर्जन व्हायचं तर रेसिडेन्सीची जागा लागते. जागा आठ, अर्ज सहाशे. मार्क सगळ्यांनाच ढीगभर, मग निवड समिती बघते ते शिफारसपत्र. आमचे साहेब पत्र सांगत नाहीत, नुसता आकडा सांगतात. एक नंबर लाडक्यांना. त्यात पोराने प्रत्यक्ष काय केलं तो प्रसंग लागतो. दोन नंबर ठीकठाक. आणि ज्याचा चेहराही आठवत नाही त्याला तीन: 'कष्टाळू, वक्तशीर, मनमिळाऊ.' हे तीन शब्द दिसले की समितीवाले कागद बाजूला सारतात. गंमत म्हणजे हे शब्द आमच्या स्वल्पविरामांनीच बसवलेले. "कुणाचं मन दुखणार नाही असं काहीतरी लिहून ठेवा," असं साहेब एकदा म्हणाले होते. त्या मजकुराचा यांना केवढा अभिमान!

यंदा अर्जांत स्वल्पविरामांची भाची होती. बहीण गेल्यापासून पोरीला यांनीच वाढवलं. तिचा हा तिसरा प्रयत्न, आणि नियमाप्रमाणे शेवटचा. साहेब यादी वाचत तिच्या नावापाशी आले आणि म्हणाले, "तीन."

स्वल्पविराम उभे राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते साहेबांना मध्येच थांबवून बोलले.

"साहेब, त्या ट्रक ड्रायव्हरच्या मांडीची रक्तवाहिनी फाटली होती ना, ती चाळीस मिनिटं बोटांनी दाबून धरणारी हीच. तुम्ही होतात तिथे."

"अरे, ती होय!" साहेबांनी चष्मा काढला. माझा जीव भांड्यात पडला. "मग 'अत्यंत' घाला. अत्यंत कष्टाळू."

आग लागो त्या अत्यंतला! साहेब गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, सरळ एक नंबर ठोका. ते कुठे वाचतात? डोळे मिटून सही करतात."

"समितीवाले फोन करतात, ताई. साहेब म्हणतील, मी कुठे असं लिहिलं? मग पोरगी खोटी ठरेल."

खरं होतं ते, म्हणून तर मला जास्तच संताप आला. त्यांनी तीन नंबर टाइप केला, दोनदा तपासला.

दुपारी पोरगी ड्युटीवरून धावतच आली. "मामा, सरांना आठवले का मी? काय लिहिलंय?"

"चांगलं लिहिलंय. कष्टाळू म्हटलंय. अत्यंत."

तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "बघा! तुम्हीच सांगायचात ना, वेळेवर जा, मान खाली घालून काम कर, कुणीतरी बघत असतंच." आणि पळाली वॉर्डात.

मामा पाकिटावर पत्ता लिहीत होते. मध्येच थांबले.

"ताई," ते म्हणाले, "तो मजकूर बसवताना दुसरा एखादा शब्द मला का हो सुचला नाही?"